निळ्या काठाचे कप

हॅलसे बेट
सोमवार, २७ फेब्रुवारी १९५०

टॉर्किल,

तुझी तार शनिवारी पोचली. पोस्टातल्या मार्सलीने ती दारातच तोंडपाठ म्हणून दाखवली आणि मग पाकीट हातात दिलं. साडेसातशे मतांनी निवडून आलास, म्हणजे थोडक्यात वाचलास. आईने डोळे पुसले आणि लगेच बटाटे सोलायला बसली.

आनंद झाला, हे एकदाच लिहिते. नौदलात होतास तेव्हा तुझ्या पत्रांत वादळं असायची. ग्लासगोला वकिली शिकायला गेलास तेव्हा पुस्तकांची यादी असायची. आता भाषणं असतील. ती पाठवू नकोस, शाळेची पुस्तकं तपासून माझे डोळे आधीच शिणतात.

दुसरं. प्रचार आटोपून निघालास त्या दुपारी शेजारच्या लॅखलनने तुझी जी खरडपट्टी काढली, ती तू मनाला लावून घेतलेली दिसते. "डोंगरावरून मेंढ्या खाली आणताना तुझ्या हातून निम्म्या पळतात, आणि तू पार्लमेंट वळवणार? हात तिच्या!" असं तो म्हणाला, आणि वर आईने तुला तो कान तुटलेला कप दिला. म्हणून तुला वाटलं, की कितीही मोठं झालं तरी घरात किंमत नाही.

निळ्या काठाचे कप कोणासाठी निघतात ते आठव. पाद्रीबाबा, डॉक्टर आणि जमीनदाराचा कारभारी. त्यांना बाहेरच्या खोलीत चहा मिळतो, केक मिळतो आणि "हो साहेब, अगदी बरोबर साहेब" मिळतं. भांडण स्वयंपाकघरात होतं, आणि तिथे फक्त आपली माणसं बसतात. लॅखलन ज्या दिवशी तुला साहेब म्हणेल, त्या दिवशी काळजी कर.

लोकरीचे मोजे घाल. लंडनची थंडी ओली असते म्हणतात.

एफी

---

एडिंबरो
सोमवार, २९ ऑगस्ट १९६६

प्रिय एफी,

तुझ्याशी नीट बोलणं झालंच नाही. सरकारी बोटीने सकाळी आलो, दुपारी निघालो, बरोबर खात्याचे दोन अधिकारी. उपमंत्री झाल्यापासून माझी एकही फेरी माझ्या मालकीची नाही. आत्ताही हे पत्र स्टेशनवर लिहितोय. पंधरा मिनिटांत ॲबर्डीनची गाडी आहे, उद्या लंडन, परवा पुन्हा इथेच.

पण तुला मोकळेपणाने सांगतो, सभेची मला फार धास्ती होती. आपल्याच शाळेत, आपल्याच बाकांसमोर उभं राहून सांगायचं, की पुढच्या वसंतापासून मोठी बोट हॅलसेला थांबणार नाही, तिच्याऐवजी हवामान पाहून एक लहान मोटरबोट येत जाईल. आणि झालं काय? चाळीस माणसं शांतपणे बसली होती. एकानेही विरोध केला नाही. शेवटी लॅखलन उठला, टोपी काढून म्हणाला, "साहेब, इतक्या लांबून आलात, सगळं समजावून सांगितलंत, आम्ही आभारी आहोत." माझ्या अधिकाऱ्याने परतताना मला म्हटलं, इतकी समजूतदार माणसं त्याने कुठल्याच बेटावर पाहिली नाहीत.

आणि आईचे निळ्या काठाचे कप तू शाळेत आणलेस! ते पाहून मला गलबलून आलं. आई असती तर तिला बरं वाटलं असतं.

अहवालात मी लिहिलंय की स्थानिक रहिवाशांची हरकत नाही. तू मात्र अख्ख्या सभेत एक शब्द बोलली नाहीस. दमली होतीस का?

गाडी लागली.

तुझा टॉर्किल

---

हॅलसे
गुरुवार, ८ सप्टेंबर १९६६

टॉर्किल,

लॅखलन तुला साहेब म्हणाला, हे तू स्वतःच्या हाताने लिहिलंस आणि पुढच्या ओळीवर गेलास. सोळा वर्षांपूर्वी मी तुला एक पत्र लिहिलं होतं. ते सापडलं तर वाच. मोजे घाल, या वाक्याच्या वरचं.

ते कप मी आणले नव्हते. लॅखलनने आणायला लावले. "मंत्री येतोय, आईचे कप काढ," म्हणाला.

तुझी बोट टोकाला वळायच्या आत माझ्या स्वयंपाकघरात सतरा माणसं होती. तुला जे ऐकायला हवं होतं ते तेव्हा सुरू झालं.

"मोटरबोट म्हणे! गाय काय मांडीवर घेऊन बसायची?"

"अरे, मग हे तोंडावर सांगायचं ना," मी म्हटलं.

"तोंडावर? पाहुण्याच्या?" लॅखलन माझ्यावरच उखडला. "तुझ्या आईने हेच शिकवलं का तुला?"

"पाहुणा कसला? टॉर्किल आहे तो."

"टॉर्किल आला असता तर त्याचं टाळकं शेकलं असतं. आला तो मंत्री. दोन कोटवाले घेऊन आला, इंग्रजीत बोलला आणि केकचा तुकडा काट्याने खाल्ला. त्याला काय सांगणार कपाळ?"

आता मी सांगते, कारण मी तुला कधीच साहेब म्हणणार नाही. ऑक्टोबरच्या बाजाराला आपली गुरं मोठ्या बोटीने जातात. ती गेली नाहीत तर हिवाळ्याचं पीठ आणि कोळसा येत नाही. गुरं विकता येत नाहीत तिथे तरुण जोडपी थांबत नाहीत, आणि जोडपी गेली की माझ्या शाळेतली अकरा पोरं जातात. पलीकडच्या बेटाची बोट बंद झाली त्याला नऊ वर्षं झाली. आज तिथे दगडावर समुद्रातले सील प्राणी पहुडलेले असतात. त्यांचीही काही हरकत नाही.

अहवालातलं ते वाक्य खोड.

एफी

---

लंडन
१८ सप्टेंबर १९६६

प्रिय एफी,

तू मला माझीच माणसं शिकवायला निघालीस? मी त्याच स्वयंपाकघरात लहानाचा मोठा झालो. सहा निवडणुका त्यांच्या मतांवर जिंकल्या. रस्ता आणला, वीज आणली, नर्सबाईंचं घर बांधून घेतलं. तेव्हा कोणाला कप आठवले नाहीत.

गप्प बसलेल्या माणसाचं मत मोजायची सोय लोकशाहीत नाही. चाळीस प्रौढ माणसांना मी विचारलं, "कोणाला काही म्हणायचं आहे का?" त्यांनी आभार मानले. त्यांच्या मनातलं ओळखून मी अहवाल कसा लिहायचा?

कायदा सोपा आहे. तीन ऑक्टोबरला नोटीस निघेल. एकतीस ऑक्टोबरच्या दुपारी बारापर्यंत बेटावरच्या एकाही माणसाची लेखी हरकत आली, तर खात्याला उघड चौकशी बसवावी लागते. एक सही पुरे. ज्याला स्वयंपाकघरात ओरडता येतं त्याला कागदावर दोन ओळी लिहिता येतील.

गेल्या सहा दिवसांत पाच गाड्या आणि चार भाषणं झाली. काल मला कार्डिफमध्ये जाग आली आणि कार्डिफमध्ये का आहे हे आठवेना. तुझ्याशी भांडायची ताकद नाही. म्हणून रागावू नकोस.

टॉर्किल

---

हॅलसे
गुरुवार, २९ सप्टेंबर १९६६

टॉर्किल,

तुझ्या पत्रावर रविवारची तारीख आहे. ती मी बोटाने झाकून मार्सलीसमोर पत्र फोडलं. रविवारी, देवाच्या दिवशी, पत्र लिहिणाऱ्याची बहीण म्हणून हिशेब द्यायला मला गावात राहावं लागतं, तुला नाही.

तुझी एक सही मिळायची नाही. मी घरोघर फिरले. लॅखलन म्हणतो, "आपल्या घरच्या पोराविरुद्ध सरकारकडे अर्ज? त्यापेक्षा बोट गेलेली बरी." म्हणजे बघ. समोर उभा राहिलास तेव्हा पाहुणा होतास म्हणून बोलले नाहीत. पाठ फिरवलीस तेव्हा आपला झालास म्हणून लिहीत नाहीत. तू नेमका कुठे उभा राहिलास तर यांची जीभ सुटेल, ते मला कळत नाही.

मार्सलीने कागद पुढे ओढला होता. "पोस्टातलं माणूस चालेल का?" असं विचारलं, पेनात शाई भरली, आणि मग म्हणाली, "एफी, तुझ्या आईने माझ्या आजारात तीन आठवडे माझी गाय पिळली गं." आणि पेन ठेवून दिलं.

आता मला एक विचारायचंय. तू सभेला आलास त्याआधीच हे ठरलं होतं का? हो किंवा नाही. एका शब्दात लिही. मी शाळेतल्या पोरांनाही हेच सांगते, की उत्तर लांबलं की ते खोटं व्हायला लागतं.

एफी

---

लंडन
सोमवार, १० ऑक्टोबर १९६६

प्रिय एफी,

हो.

जुलैमध्ये ठरलं. सही माझी आहे. सभेला आलो तेव्हा मला मनातून वाटत होतं, की कोणीतरी उठावं आणि बाक आपटावा, म्हणजे मला परत जाऊन सांगता येईल, हे जमणार नाही. कोणी उठलं नाही, आणि मला हायसं वाटलं. दोन्ही खरं आहे.

तुझं पत्र आल्यावर एक गोष्ट आठवली, आणि ती जाता जात नाही. कारभारी आपली वरची कुरणं मागायला आला होता. मी सहा वर्षांचा असेन. बाबांनी त्याला निळ्या काठाच्या कपात चहा दिला, वाकून "हो साहेब" म्हणाले, फाटकापर्यंत पोचवायला गेले. परत येऊन शेगडीत थुंकले. ऑगस्टमध्ये फाटकापर्यंत मला लॅखलन पोचवायला आला होता.

आता हे कोणालाही सांगू नकोस. स्कॉटलंडच्या खात्याचे आमचे मुख्य मंत्री जानेवारीत तब्येतीमुळे पायउतार होताहेत. ती जागा मला मिळणार, असं मला वरून सांगितलंय. आपल्या बाजूच्या बेटांवरचा माणूस त्या खुर्चीत बसलेला मला तरी माहीत नाही. सोळा वर्षं मी एवढ्याचसाठी गाड्या बदलतोय. घर केलं नाही, लग्न केलं नाही. एफी, तीन महिने थांब. त्या खुर्चीत बसलो की माझी पहिली सही हॅलसेच्या बोटीवर. मी वचन देतो.

पण आत्ता हरकत गेली आणि तिच्यावर मॅकास्किल हे आडनाव असलं, तर वर्तमानपत्रं 'उपमंत्र्याची सख्खी बहीण' एवढंच छापतील, आणि जानेवारी येणारच नाही. तू लिहिशील असं मी म्हणत नाही. पण तुला ओळखतो.

टॉर्किल

---

हॅलसे शाळा
बुधवार, १९ ऑक्टोबर १९६६

माननीय उपमंत्री यांस,

महोदय,
तीन ऑक्टोबरच्या नोटिशीस अनुसरून मी, खाली सही करणार, हॅलसे बेटाची कायम रहिवासी व शाळेची मुख्याध्यापिका, मोठी बोट बंद करण्यास हरकत घेते. कारणे सोबत जोडली आहेत. दिनांक २४ ऑगस्टच्या सभेत हरकत नव्हती, हे आपल्या अहवालातील विधान चूक आहे. हरकत होती. ती विचारण्याची पद्धत चुकली.

आपली,
युफीमिया मॅकास्किल, एम. ए.

(हे वेगळ्या पाकिटात.)

टॉर्किल,

वरची प्रत तुझ्यासाठी. मूळ कागद खात्याच्या पत्त्यावर, याच पिशवीतून.

तुझं पत्र आल्यापासून पाच दिवस मी धड बसलेली नाही. पोरांना पाढे म्हणायला सांगते आणि खिडकीतून धक्का बघते. काल तेराचा पाढा दोनदा म्हणून झाला, तरी मला कळलं नाही.

तू जानेवारीत सही करशील, यावर माझा विश्वास आहे. पण जुलैची सही खिशात ठेवून तू ऑगस्टमध्ये आम्हाला मत विचारलंस. जानेवारीत खुर्ची मिळेल, मग ती टिकवण्यासाठी एप्रिलपर्यंत थांब म्हणशील, आणि एप्रिलमध्ये बोट गेलेली असेल. तू लबाड नाहीस. तू थकलायस, आणि थकलेला माणूस पुढची तारीख देतो.

आणि तू विचारलं होतंस ना, मी सभेत का बोलले नाही? मी चहा ओतत होते. चहा ओतणारीने वाद घालायचा नसतो, ही मी स्वतःला दिलेली सबब. खरं असं, की तुझा कोट चांगला शिवलेला होता, तू ताठ उभा होतास, आणि मला वाटलं, हा आपला टॉर्किल. अभिमानाने माझं तोंड बंद झालं होतं. म्हणजे अहवालातल्या त्या वाक्यात माझाही वाटा आहे. तो मी आज परत घेते.

उद्या मार्सली पिशवी बंद करेल. शुक्रवारी बोट.

एफी

---

हॅलसे
गुरुवार, २४ नोव्हेंबर १९६६

टॉर्किल,

मार्सलीने वीस ऑक्टोबरचा शिक्का मारला, तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. एकवीसला वारा फिरला आणि बोट धक्क्याला लागू शकली नाही. पंचवीसला नाही, अठ्ठावीसला नाही, एक तारखेलाही नाही. पिशवी धक्क्यावरच्या शेडमध्ये पडून होती आणि मी रोज तिच्याकडे बघून येत होते. चार नोव्हेंबरला बोट आली. तोवर तुमची मुदत संपून चार दिवस झाले होते.

त्यानंतर आज वीस दिवस. खात्याकडून ओळ नाही. तुझ्याकडून ओळ नाही.

उशिरा आलं म्हणून बाजूला ठेवलंत, असंच ना? कायद्याने तुमचं काही चुकलेलं नाही. न बोलण्याचा अर्थ काय होतो, हे मीच तुला दोनदा शिकवलंय. उत्तर मिळालं असं धरून चालते.

लॅखलनने पुढच्या वर्षी वासरं ठेवायची नाहीत असं ठरवलंय. ते लिहायचं होतं, म्हणून हे पत्र.

एफी

---

लंडन
गुरुवार, १ डिसेंबर १९६६

प्रिय एफी,

तुझं पत्र आज आलं. मी गप्प होतो, आणि तू त्याचा अर्थ काय लावशील हे मला माहीत होतं, तरी हात चालेना. तीन पत्रं फाडली. आता नेमकं काय झालं ते ऐक.

सात नोव्हेंबरला तुझी हरकत माझ्या टेबलावर आली. वर अधिकाऱ्याची चिठ्ठी होती: "मुदतीनंतर प्राप्त. दप्तरी ठेवावी." मला त्याखाली फक्त सहीची दोन अक्षरं लिहायची होती. कोणी मला नाव ठेवलं नसतं. मी ती फाईल बॅगेत घालून ग्लासगोला गेलो, तिथून डंडीला, तिथून परत. चार दिवस ती माझ्याबरोबर फिरली. डंडीच्या हॉटेलात पाकिटावरचा मार्सलीचा शिक्का पाहिला. ती अजून तो वाकडाच मारते.

मी शेरा लिहिला: "ही हरकत ज्या बोटीविषयी आहे, तीच बोट ती घेऊन येणार होती. बोट आली नाही, हा अर्जदाराचा दोष नव्हे. शिक्का मुदतीतला आहे. दाखल करून चौकशी बसवावी."

दुसऱ्याच दिवशी पक्षाच्या प्रतोदाने बोलावलं. बसा म्हणाला नाही. "बहिणीचा अर्ज, मुदतीनंतर आलेला, आणि दाखल करून घेणारे तुम्हीच. उद्या हे छापून आलं तर मी काय सांगू?"

"सांगा, की बेटावर वादळ होतं."

"मॅकास्किल, शेरा मागे घ्या. जानेवारी दीड महिन्यावर आहे."

मी म्हटलं, "बेटावर जानेवारीत पण वादळ असतं."

काल माझा राजीनामा मंजूर झाला. कारण तब्येतीचं दिलंय. खासदार आहेच, मागच्या बाकावर. टेबल रिकामं करायला वीस मिनिटं लागली. मग गाडी पकडायची म्हणून स्टेशनवर गेलो, आणि कुठली गाडी तेच आठवेना. कारण कुठलीच नव्हती.

शेरा मात्र राहिला. तो काढता येत नाही. चौकशी बसेल.

टॉर्किल

---

हॅलसे
गुरुवार, १५ डिसेंबर १९६६

टॉर्किल,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. मग खाली बसले. मागच्या पत्रातला शेवटून दुसरा परिच्छेद मी मागे घेते. एवढंच म्हणते. जास्त लिहिलं तर शाई पसरेल.

गावात सगळ्यांना कळलंय. वर्तमानपत्र आलं, त्यात तब्येत म्हटलंय; खरं कारण मी सांगितलं. लॅखलनने ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "एवढ्या मोठ्या बॅगा घेऊन गेला होता, आणि हातात काय राहिलं? आपली बोट. गाढव." किती तरी दिवसांनी त्याने तुला शिवी दिली.

आता अडचण अशी. चौकशीची तारीख आलीय, मंगळवार, सतरा जानेवारी. मिस्टर पेंडर म्हणून अधिकारी येतोय, एडिंबरोचा. त्याचं पत्र फार सभ्य आहे. म्हणजे निळ्या काठाचा कप. लोक येतील, टोपी काढतील, "साहेब, इतक्या लांबून आलात" म्हणतील, आणि तो लिहून घेईल की हरकत फक्त मास्तरीणबाईंची. मी एकटी बोलेन, पण एका बाईच्या अर्जावर बोट राहत नाही.

यांना बोलतं करायला समोर भांडायला कोणीतरी लागतं, आणि हे फक्त आपल्या माणसाशी भांडतात.

एफी

---

तार
ओबन, ५ जानेवारी १९६७

तेरा तारखेच्या बोटीने येतो. एकटाच. चौकशीत बोट बंद करावी या बाजूने बोलणार. कोणाला सांगू नकोस. टॉर्किल.

---

हॅलसे
गुरुवार, ६ एप्रिल १९६७

टॉर्किल,

खात्याचं पत्र मंगळवारच्या बोटीने आलं. प्रस्ताव मागे घेतलाय. मार्सलीने ते धक्क्यावरच उघडून वाचलं, पाकिटावर माझं नाव असताना. मी तिला रागावले नाही. बोट वेळेवर सुटली आणि तिच्यात लॅखलनच्या दोन कालवडी होत्या. वासरं ठेवणार नाही म्हणणारा माणूस आता तिसरी गाय बघतोय.

पेंडरसाहेबांनी इतिवृत्ताची प्रतही पाठवलीय. दुभाषी म्हणून माझी सही हवी होती. सही करण्याआधी तुझ्यासाठी एक भाग उतरवून काढला. सतरा वर्षांत पार्लमेंटात तुझं बोलणं कोणी इतक्या लक्षपूर्वक ऐकलं नसेल, म्हणून जपून ठेव.

"श्री. टॉर्किल मॅकास्किल, खासदार (बेटाच्या गेलिक भाषेत): माझं मत असं, की गावाला मोठ्या बोटीची गरज नाही. गुरं मोटरबोटीतूनही नेता येतात.

श्री. लॅखलन मॅकिनन (बसल्या जागेवरून): तुझं डोकं फिरलंय का?

अध्यक्ष: कृपया उभं राहून बोलावं.

श्री. मॅकिनन: उभा राहिलो तर याला मारीन, म्हणून बसलोय.

श्री. मॅकास्किल: गाय पोहूनही जाऊ शकते.

श्री. मॅकिनन: गाय! तुला मेंढी आवरली नाही कधी! लहानपणी माझी बोकडं कड्यावरून तूच घालवलीस, आणि आता गाय पोहते म्हणून मला सांगतोस? साहेब, लिहून घ्या. गेल्या ऑक्टोबरात या गावातून एकतीस जनावरं बोटीने गेली. एकतीस! हा पठ्ठ्या त्यांना पोहायला शिकवणार!

श्रीमती मार्सली मॅकिनिस: आणि टपाल? ते पण पोहून येणार का रे, मेल्या?

(सभागृहात गोंधळ. एकाच वेळी चौदा व्यक्ती बोलू लागल्या. अध्यक्षांनी क्रमाने बोलण्याची विनंती केली. दुभाषी म्हणून कु. मॅकास्किल यांनी काही भागाचे भाषांतर 'इत्यादी' असे केले.)"

त्या 'इत्यादी'बद्दल पेंडरसाहेबांनी मला नंतर विचारलं. मी म्हटलं, पाद्रीबाबा दुसऱ्या रांगेत बसले होते. बाकीचा एकही शब्द मी मऊ केलेला नाही. साडेतीन तास चाललं आणि त्यांची दोन पेनं संपली. जाताना म्हणाले, "तुमच्या भावाने ही बाजू का घेतली, ते मला समजलं नाही. इतका वाईट युक्तिवाद मी आजवर ऐकला नाही." मी म्हटलं, "त्याला तेवढाच जमतो."

ते समजले असावेत. त्यांनी कप खाली ठेवला आणि जरा हसले.

तुझी तार मार्सलीने वाचली होती, पण एकदाच काय ते तिने पोटात ठेवलं. लॅखलनला तुझा डाव अजून कळलेला नाही. निदान त्याने तसं दाखवलेलं नाही. गावात सांगत फिरतो, "चांगला हाणला त्याला, सरळ झाला," आणि पुढच्या निवडणुकीला तुला मत देणार नाही म्हणतो, म्हणजे देईल. मात्र चौकशी संपल्यावर सगळे माझ्या स्वयंपाकघरात आले, तेव्हाची एक गोष्ट तुला माहीत नाही. तू घसा बसला म्हणून पाणी प्यायला मागच्या दारी गेला होतास. मी घाईत निळ्या काठाचे कप तिथेच मांडून ठेवले होते. लॅखलन उठला, त्यातला एक उचलून बाजूला ठेवला, फडताळाच्या तळाशी हात घालून तो कान तुटलेला कप काढला, बाहीने पुसला आणि तुझ्या जागेवर ठेवला. मग परत शिव्या द्यायला बसला.

तू पुढे काय करणार, हे तुझंच ठरलेलं दिसत नाही. तुझ्या शेवटच्या तीन पत्रांवर तीन गावांची नावं आहेत. मी सुचवणार नाही.

तो कप मी धुतला. कान नाही, म्हणून त्याला खिळ्याला टांगता येत नाही. खिडकीत पालथा ठेवलाय. बोट मंगळवारी आणि शुक्रवारी येते.

एफी